चारचौघांत येशूला नाकारलं, आता कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?

पत्र:

ताई, मी 26 वर्षांची आहे, नोकरी करते, घरी आई आणि मोठा भाऊ. एका मैत्रिणीमुळे बायबल वाचायला लागले आणि हळूहळू प्रभू येशूवर विश्वास बसला. बाप्तिस्मा अजून झालेला नाही. घरी कळल्यापासून आई धड बोलत नाही, नुसती रडते. भाऊ म्हणतो तुला ब्रेनवॉश केलंय, हे सोड नाहीतर घर सोड. घरातल्या धार्मिक विधींना मी बसत नाही त्यावरूनही रोज वाद. मंडळीतला एक दादा म्हणतो मत्तय 10:37 वाच, घरच्यांशी संबंध तोड, विरोध होतोय म्हणजे तू बरोबर मार्गावर आहेस. ऑफिसमध्येही कळलंय, जेवताना चेष्टा चालते. मागच्या महिन्यात टीममधल्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं, खरंच त्यांच्यात गेलीस का? आणि माझ्या तोंडून निघालं, छे, एकदोनदा सहज गेले होते, माझा काही संबंध नाही. सगळे हसले, विषय संपला. तेव्हापासून झोप नाही. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मी पित्यासमोर नाकारीन, हेच डोक्यात फिरतं. प्रार्थनेला बसले की वाटतं, कोणत्या तोंडाने? मी ख्रिस्ती राहिले का? घर सोडू का? आई हो म्हणेपर्यंत बाप्तिस्मा थांबवू का? नाव देऊ नका.

उत्तर:

अगं, आधी तुझ्या झोपेचं बघू, कारण घर सोडायचं का हा प्रश्न महिनाभर नीट न झोपलेल्या डोक्याने सोडवायचा नसतो. आणि झोप उडवणारी गोष्ट भावाचं बोलणं नाहीये, ते माणसांसमोर नाकारण्याचं एक वाक्य आहे, मत्तय 10:33.

आता ते वाक्य येशूने कुणाला सांगितलं ते बघ. बारा शिष्यांना, पहिल्यांदा बाहेर पाठवताना. म्हणजे त्या बारांतल्या पेत्राने ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं, आणि तरी त्याच पेत्राने महायाजकाच्या वाड्यात, अंगणात शेकत असताना, तीनदा सांगितलं की मी त्या माणसाला ओळखत नाही. तिसऱ्या वेळेला तर शपथा घेऊन. आणि पहिल्यांदा विचारणारी कोण, तर एक दासी. तिच्या हातात त्याला काही करण्याची सत्ता नव्हती, जशी तुझ्या टीममधल्या त्या मुलाच्या हातात नव्हती. माणूस तलवारीला तयार होऊन बसलेला असतो आणि चार लोकांच्या हसण्याला घाबरतो, हे तुझ्याच बाबतीत झालंय असं समजू नको.

पण लूकच्या 22व्या अध्यायात बघ, हे सगळं घडायच्या आधीच येशू पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय, आणि तू वळलास की तुझ्या भावांना स्थिर कर. म्हणजे पडणार हे माहीत होतं, त्यासाठी प्रार्थना आधीच झालेली होती, आणि उठल्यावर करायचं कामसुद्धा आधीच देऊन ठेवलं होतं! मग योहान 21 मध्ये, पुनरुत्थानानंतर, तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि दर वेळी तेच, माझी मेंढरं सांभाळ. का नाकारलंस हे एकदाही विचारलेलं नाही.

मग मत्तय 10:33 चं काय, ते खोटं का? नाही, ते खरंच आहे आणि ते गंभीरपणेच घ्यायचं. पण ते त्या माणसासाठी आहे जो नाकारून तिथेच थांबतो, ज्याला मग हायसं वाटतं आणि जो तेच आपलं उत्तर म्हणून कायमचं ठेवून देतो. तू थांबलेली नाहीस, महिनाभर तळमळतेयस, आणि ज्याच्याशी आपला संबंध नाही त्याच्यासाठी कुणी असं तळमळत नाही. पेत्रही बाहेर जाऊन मनस्वी रडला होता. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, तू ख्रिस्ती आहेस. कोणत्या तोंडाने प्रार्थना करू म्हणतेस, तर त्याच तोंडाने कर ज्याने नाकारलंस, दुसरं तोंड आणायचं कुठून? आज रात्रीच बस आणि झालं ते जसंच्या तसं सांग, मी घाबरले, मी खोटं बोलले, मला क्षमा कर. लांबलचक नको.

अजून एक गोष्ट, जी उपदेशात फार कमी ऐकू येते. पेत्र पुन्हा घसरला होता, गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. पवित्र आत्मा मिळाल्यावर, हजारोंसमोर भाषण केल्यावर, तुरुंगात जाऊन आल्यावर. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा, आणि यरुशलेमहून काही माणसं आली तशी त्यांना भिऊन वेगळा बसायला लागला. प्रेषित पौलाने तोंडावर सुनावलं. हे तुला आत्ताच सांगतेय कारण तुलाही पुन्हा भीती वाटेल, वर्षभराने, दहा वर्षांनी, कुठल्यातरी भलत्याच ठिकाणी, आणि तेव्हा पुन्हा महिनाभर अंधारात बसायचं नाही, त्याच दिवशी वळायचं.

आणि मंडळीलाही हा प्रश्न फार पूर्वीच पडलेला आहे. इ.स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करायचा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यायचा, असे खरेखुरे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोक डगमगले. काहींनी बळी दिला, काहींनी दिला नाही पण पैसे चारून दाखला तेवढा मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं मंडळीच्या दाराशी परत आली. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पुढाऱ्याचं म्हणणं होतं की यांना परत घ्यायचंच नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या बिशपांनी 251 मध्ये सभा घेऊन वेगळं ठरवलं, नुसता दाखला घेतलेल्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना परत घ्यायचं, बळी दिलेल्यांना पश्चात्तापाचा मोठा काळ द्यायचा, पण दार कुणालाच कायमचं बंद करायचं नाही. नोव्हेशियनचं मत मंडळीने स्वीकारलं नाही. आणि हा सिप्रियन कोण, तर छळाच्या वेळी स्वतः लपून राहिलेला माणूस, त्यावरून त्याला लोकांनी बरंच बोलूनही घेतलं. 258 मध्ये पुढच्या छळात पकडला गेला तेव्हा मात्र मागे हटला नाही, त्याचा शिरच्छेद झाला. तुझ्या 'छे' पेक्षा कितीतरी मोठ्या नकारांना परत यायची वाट होती.

आता प्रत्यक्ष करायचं काय. प्रार्थना झाली की दुसरं काम, ज्याला खोटं सांगितलंस त्याला खरं सांगायचं. सगळ्या टीमसमोर उभं राहून जाहीर करायची गरज नाही, ग्रुपवर मेसेज तर अजिबात टाकू नको, पण ज्याने विचारलं होतं त्याला एकटं गाठून दोन वाक्यं बोल, त्या दिवशी मी घाबरून खोटं बोलले, मी येशूवर विश्वास ठेवते. बस. वाटलं तर पुढे म्हण की कधी निवांत विचारावंसं वाटलं तर सांगेन. तो हसेल, नाहीतर गप्प होईल, किंवा दुसऱ्यांना जाऊन सांगेल, त्यावर तुझा ताबा नाही. पण त्यानंतर लपवायचं काही उरत नाही आणि निम्मी भीती ही लपवण्याचीच असते, हे मी अशी कितीतरी पत्रं वाचून ठामपणे सांगते.

रोजच्या चेष्टेला उत्तर द्यायलाच पाहिजे असं मात्र मनात घेऊ नको. गप्प बसणं म्हणजे नाकारणं नाही. अटक झाल्यावर हेरोद राजाने पुष्कळ प्रश्न विचारले तेव्हा येशूने त्याला एका शब्दाचंही उत्तर दिलं नाही, आणि रोमन सुभेदार पिलाताने तू राजा आहेस का विचारलं तेव्हा दिलं. कोण खरंच विचारतंय आणि कोण मजा बघतंय हे तुला कळतं, तसं वाग. पेत्र (तोच, म्हातारपणी) पहिल्या पत्रात लिहितो की तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. आपल्याकडे पहिला भाग पाठ असतो, दुसरा गळतो. चेष्टा करणाऱ्याला वादात हरवून आजपर्यंत कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही, जिंकलेल्याचंही नाही.

आणि ऑफिसात साक्ष म्हणजे फक्त तोंडाने बोलणं नव्हे हेही लक्षात असू दे. साधारण इ.स. 112 मध्ये प्लिनी नावाच्या रोमन गव्हर्नरने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारलं होतं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. तो काही आपल्या बाजूचा नव्हता, माणसं मारत होता. पण चौकशीत त्याला काय सापडलं ते त्याने लिहून ठेवलंय, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि शपथ घेतात, ती कसली तर चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू परत मागितली तर नाही म्हणणार नाही. शत्रूने चौकशी केल्यावर असं सापडावं. उद्या तुझ्या टीममध्ये कुणी कुणाच्या माघारी बोलत असेल, कामाचं श्रेय लाटत असेल, खोटा रिपोर्ट द्यायला सांगत असेल, तर तिथे तू काय करतेस यावरून ते लोक येशूबद्दल जास्त शिकतील.

आता तुझ्या त्या मंडळीतल्या दादाबद्दल. त्याचा हेतू वाईट नसेल पण सल्ला चुकीचा आहे आणि तो मानू नको. विरोध होतोय म्हणजे आपण बरोबर, हे शास्त्रात कुठेच नाही. उलट पेत्र स्पष्ट म्हणतो की तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये (1 पेत्र 4:15), म्हणजे ख्रिस्ती माणसाला होणारा विरोध कधीकधी त्याच्या स्वभावाला झालेला विरोध असतो. स्वतःला जरा तपासून बघ. आईच्या श्रद्धेबद्दल तू काही टोचून बोललीस का? घरच्यांना सारखं चुकवायला लागलीस का, मदतीतून अंग काढून घेतलंस का, फोन घेऊन खोलीत बसतेस का? असेल तर ते सुधार, त्याची माफी माग, तो विश्वासाशी तडजोड केल्याचा प्रकार नाही. त्यानंतरही जो विरोध उरेल तो येशूसाठी आहे, तो मान ताठ ठेवून सोसायचा.

मत्तय 10:37 खरं आहे, आईवर येशूपेक्षा जास्त प्रेम करायचं नाही. पण कमी प्रेम करा असं कुठे म्हटलंय? त्याच मत्तयात 15व्या अध्यायात येशू धर्मपुढाऱ्यांवर चिडतो ते याच गोष्टीवरून, की आईबापाला द्यायचं ते आम्ही देवाला अर्पण केलंय म्हणून हात वर करता, देवाचं नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडता. आणि वधस्तंभावर, शेवटचे श्वास चालू असताना, त्याने आईची सोय लावली. दादाला हे दोन उतारे दाखव.

येशूच्याच घरी काय चाललं होतं ते पण वाच. मार्क 3:21, त्याच्या घरचे त्याला धरून न्यायला आले, म्हणे याला वेड लागलंय. हे म्हणजे तुझ्या भावाचं 'ब्रेनवॉश' झालंच की! योहान 7:5, त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. त्याने त्यांच्याशी नातं तोडलं नाही आणि त्यांच्यासाठी आपलं कामही थांबवलं नाही, दोन्ही एकदम. पुढे पुनरुत्थानानंतर तो आपल्या याकोब नावाच्या भावाला दिसला असं पौल सांगतो, आणि हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. तुझ्या घरी असंच होईल असं वचन मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ नये, कितीतरी घरी होत नाही. पण दार तू लावून घ्यायचं नाहीस.

म्हणून, घर सोडू नको, निदान तुझ्या बाजूने नाही. पौल विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराबद्दल सांगतो की तो राहायला तयार असेल तर सोडू नका (1 करिंथ 7), तोच विचार इथे लाव. पगारातलं घरी देतेस ते देत राहा, आईचं औषधपाणी, घरातलं काम, आधी करत होतीस त्यापेक्षा कणभर जास्तच कर. भावाने खरंच बाहेर काढलं तर जा, पण तो त्याचा निर्णय असू दे. अपवाद एकच, हात उचलला, कोंडून ठेवलं, जिवाची धमकी दिली, तर एक रात्रही थांबू नको, मंडळीतल्या कुटुंबाकडे किंवा मैत्रिणीकडे जा आणि कायद्याची मदत घे. मार खात राहणं म्हणजे विश्वासूपणा असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा हे येशूनेच सांगितलंय, त्याच मत्तय 10 मध्ये, 23वं वचन. आणि धर्म बदलायचा अधिकार माणसाला आहे हे मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यात कलम 18 मध्ये शब्दांत लिहिलेलं आहे, तू काही गुन्हा करत नाहीयेस.

विधींना बसायचं का, यावर दानीएलाकडे बघ. यहुदी बंदिवान म्हणून नेलं गेल्यावर बाबेलमध्ये त्याने परकी भाषा शिकली, परकं नाव सोसलं, राजाची नोकरी केली, आणि राजाच्या ताटातलं अन्न मात्र नाही म्हणाला, तेही भांडून नाही, विनंती करून, 10 दिवस साधं अन्न देऊन बघा म्हणून. म्हणजे रेघ कुठे ओढायची हे आधी शांतपणे ठरवलं आणि बाकी ठिकाणी वाकला. तुझी रेघ आराधनेपाशी असू दे, दुसऱ्या कुणाची आराधना मी करणार नाही. पण त्या दिवशी घरात पाहुणे असतील तर पाणी द्यायला, भांडी घासायला, आईच्या शेजारी उभं राहायला काय हरकत आहे? नामानाची गोष्ट आठव (2 राजे 5), अराम देशाचा सेनापती, नुकताच इस्राएलाच्या परमेश्वरावर विश्वास ठेवलेला. राजा माझ्या हातावर टेकून देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, परमेश्वराने याची क्षमा करावी, असं तो म्हणाला आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा एवढंच सांगितलं. नवख्या माणसाला देव अडचणीत पकडायला बसलेला नाही. माझं मत विचारशील तर हजर राहा, मदत कर, आराधनेत भाग घेऊ नको, आणि हे आईला त्या दिवशीच्या गडबडीत नाही, आदल्या दिवशी शांतपणे सांग.

आणि एकटीने हे सगळं करू नको. दादाचा एकट्याचा सल्ला पुरे झाला, पाळकांना भेट, मंडळीतली एखादी वयाने मोठी बाई बघ जिने घरचा विरोध स्वतः सोसलाय, आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर प्रार्थना कर. ऑफिसातल्या नकाराबद्दल तिला सांग. जे एका माणसाला सांगून झालेलं असतं ते रात्री तेवढं छळत नाही.

राहिला बाप्तिस्मा. 203 मध्ये कार्थेजलाच पर्पेतुआ नावाची साधारण 22 वर्षांची मुलगी होती, पदरात दूधपितं बाळ, ख्रिस्ती म्हणून अटक झाली तेव्हा तिचाही बाप्तिस्मा व्हायचा होता, तो पहाऱ्यात असताना झाला. विश्वास सोड म्हणून विनवायला तिचे वडील पुन्हा पुन्हा यायचे, एकदा तर तिचे हात धरून तिच्या पाया पडले. तिने ते स्वतः लिहून ठेवलंय आणि त्यात वडिलांच्या म्हातारपणाचं दुःख आहे. ती त्यांच्यासाठी कळवळली आणि तरी हललीही नाही. तुझ्याकडे तिच्यापेक्षा वेळ जास्त आहे, म्हणून घाईने, चोरून घेऊ नको, पण आई हो म्हणेल तेव्हाच असंही ठरवू नको, कारण तो हो कदाचित येणारच नाही. पाळकांशी बोलून तारीख ठरव, दोनतीन महिने पुढची, आणि आईला ती तुझ्याच तोंडून कळू दे, बाहेरून नाही. ये म्हण. ती नाही म्हणेल बहुतेक, रडेल, तेव्हा समजावत बसू नको, जवळ बस. भावाला दुसऱ्या दिवशी सांग, आई समोर नसताना.